देश एक कशासाठी, असं मी बशीरला विचारलं

(सौदीतल्या रास अल खैर इथं पाण्याच्या प्रकल्पावर फिटर असलेले मुनीर बोरकर यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.)

मी मूळचा रायगडच्या किनाऱ्यावरचा, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला, मध्ये नारळाच्या वाड्या, एवढंच गाव. बाबा बोटीवर खलाशी होते, वर्षातून दीड महिना घरी, बाकीचं वर्ष आम्ही त्यांना फोटोतच बघायचो. आमचं घर वरच्या मोहल्ल्यात आणि माझी थोरली बहीण झैबून खालच्या मोहल्ल्यात दिलेली, म्हणजे आमच्या पायरीवरून आईनं हाक मारली तर तिच्या पडवीत ऐकू जाईल एवढ्यावर. तुम्ही मला विचारलंत सुदानच्या लढाईबद्दल आणि मी सांगतोय माझ्या गावाबद्दल, पण थोडं थांबा, माझ्या डोक्यात ती दोन्ही एकमेकांत अडकलेली आहेत, एक ओढलं की दुसरं येतं.

बाविसाव्या वर्षी मी जेद्दाला आलो. तिथल्या शराफिया वस्तीत एका खोलीत आम्ही गावचे सात जण, दिवसभर पाइपाची कामं आणि शुक्रवारी गावच्या जमातीची बैठक, की गावच्या शाळेला काय पाठवायचं, कब्रस्तानची भिंत कधी घालायची. आणि मी तेव्हा पत्रकं वाचून वाढलेला माणूस, कुणी रस्त्यात कागद हातात दिला की उभ्या उभ्या वाचायचा, वाचला की डोकं तापायचं आणि तापलं की आपणही लिहायचं. मला वाटायचं, बरोबर गोष्ट ठसठशीत अक्षरात छापली की माणसं ती ऐकणारच. न ऐकायला काय झालं?

तर एका वर्षी रमजानच्या आधी मी पत्रक काढलं, मथळा दिला, चंद्र एक, उम्मत एक, ईद एक. उम्मत म्हणजे आम्ही सगळे मुसलमान. आता आमच्याकडे काय होतं, इथं सौदीत चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी इथं ईद, आणि गावाला बहुतेक वेळा त्याच्या पुढच्या दिवशी, कारण गावाला चंद्र गावच्या आभाळात दिसावा लागतो. माझं म्हणणं असं की मक्केत ईद झाली आणि तुम्ही रोजे धरून बसता, हे काय, आभाळात चंद्र दोन आहेत का? शराफियातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या, मराठीत एक बाजू, उर्दूत एक बाजू, आणि सुट्टीवर निघालेल्या एका गाववाल्याच्या बॅगेत भरून दिल्या. वरच्या मोहल्ल्यात घराघरातला माणूस सौदीत, त्यांना पटलं. खालच्या मोहल्ल्यातले होडीवाले आणि वाडीवाले, ते म्हणाले, आमचा चंद्र आम्ही बघतो, तुमचा फोनवरचा चंद्र तुमच्याकडे ठेवा.

त्या वर्षी गावात दोन ईदा झाल्या. आईनं शिरखुर्मा केला आणि नेहमीसारखा पहिला वाडगा झैबूनकडे घेऊन गेली. झैबूनचा रोजा होता. आमच्या हिशेबानं ईदच्या दिवशी रोजा धरणं पाप आणि त्यांच्या हिशेबानं तो रोजा मोडणं पाप, मग त्या पोरीनं करावं काय, ती दारात आली, वाडग्यावर ताटली झाकली आणि म्हणाली, आई, उद्या आण. दुसऱ्या दिवशी आईनं नेला नाही, मानी बाई होती. पुढच्या वर्षी दोन मशिदी झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी जमातीची भांडी वाटली, लग्नकार्याला लागणाऱ्या मोठ्या देगा असतात ना आमच्याकडे, सगळ्या गावाच्या मिळून, त्या. देगा आल्या वरच्या मोहल्ल्याकडे आणि झाकणं नि झारे गेले खालच्या मोहल्ल्याकडे. हसू नका, खरं सांगतो, आजही वरच्या मोहल्ल्यात बिर्याणीला दम देताना देगेवर पत्रा ठेवतात आणि पत्र्यावर दगड.

एकीचं पत्रक काढून गाव फोडलेला माणूस तुम्हाला दुसरा भेटायचा नाही. म्हणून म्हणालो, थोडं थांबा, हे आधी सांगतो.

पुढे जेद्दाची कंपनी बंद पडली आणि मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, इकडे रास अल खैरला आलो, एका ठेकेदाराच्या टोळीत फिटर म्हणून. इथं वाळू, समुद्र आणि पाइप, बाकी काही नाही. समुद्राचं खारं पाणी आत खेचायचं, त्याचं गोडं पाणी करायचं आणि ते पाइपातून पार रियाधपर्यंत जातं. इथं मला बशीर भेटला. बशीर सुदानचा, ओमदुरमान म्हणून शहर आहे नाईल नदीच्या काठी, तिथला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पंपाचा उस्ताद. पंपाला कान लावून सांगायचा की हे बेअरिंग महिना काढेल, हे आठवडा काढणार नाही. सगळ्यांना तो या झोल म्हणायचा, म्हणजे आपण अरे बाबा म्हणतो तसं, मुदीरला, म्हणजे साहेबालासुद्धा. आणि दुसरा सुदानी आदम, वेल्डर, उंच, बोलायला कमी, तो त्यांच्या देशाच्या पश्चिमेचा, दारफूरचा. सकाळी दहाला सुदानी लोकांची न्याहारी असते, वालासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ, वर तिळाचं तेल आणि कांदा, एका मोठ्या थाळीत काढायची आणि सगळ्यांनी भोवती बसून त्याच थाळीत हात घालायचा. मला पहिल्या दिवशी बशीरनं खेचून बसवलं. मी म्हटलं, माझा डबा आहे. तो म्हणाला, या झोल, डबा एकट्यानं खातात ते आजारी लोक. नऊ वर्षं मी त्या थाळीत जेवलो.

मग त्यांच्याकडे लढाई लागली. एका बाजूला देशाची फौज आणि दुसऱ्या बाजूला त्याच फौजेनं कधीकाळी हाताशी धरून वाढवलेली दुसरी हत्यारबंद फौज, दोघी राजधानीतच भिडल्या, रमजानचे दिवस होते. ओमदुरमान राजधानीला लागूनच, बशीरचं घर त्या दुसऱ्यांनी बळकावलं, बायको आणि मुली कशाबशा बंदरावर पोचून बोटीनं जेद्दाला आल्या. बशीरचा भाऊ फौजेत होता, तो लढत होता. बशीर दिवसभर फोन बघायचा आणि पंपाला कान लावायचा विसरायचा.

एके दिवशी थाळीवर बशीर म्हणाला की आता प्रत्येक सुदान्यानं फौजेच्या मागे उभं राहिलं पाहिजे, नाहीतर देश राहत नाही. आदम घास हातात धरून थांबला. म्हणाला, उस्ताद, वीस वर्षांपूर्वी माझं गाव जाळायला घोडेस्वार आले, त्यांच्या हातात बंदुका कुणी दिल्या होत्या? आज तेच घोडेस्वार तुमच्या गल्लीत शिरले तेव्हा तुम्हाला देश आठवला. बशीर म्हणाला, म्हणजे माझं घर गेलं त्याचा तुला आनंद झाला. आदम म्हणाला, आनंद नाही झाला, फक्त नवल वाटलं नाही. आणि उठला. दुसऱ्या दिवसापासून दोन थाळ्या झाल्या, दोघांमध्ये वीस पावलं अंतर, आणि मी मेला दोन्हीकडे जेवायचो, इकडे चार घास, तिकडे चार घास, न जेवलो तर जो तो म्हणणार तू त्याच्या बाजूचा. पोटाचं काय व्हायचं ते झालं. पण खरं दुखणं पोटाचं नव्हतं. मला माहीत होतं हे कुठं जातं, मी आमची भांडी वाटलेली पाहिली होती.

अशी दोनेक वर्षं गेली. एक दिवस बशीरनं मला सांगितलं की त्यानं फायनल एक्झिट मागितलाय, म्हणजे इकामा, तो इथं राहायचा परवाना, नोकरी, सगळं सोडून कायमचं जायचं, आणि जायचं कुठं तर फौजेत भरती व्हायला. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिन्याला रडतो, हा बंदूक घेऊन काय करणार? मरणार, दुसरं काय. त्याच्या दोन मुली जेद्दात एका खोलीत बसल्यात, त्यांचं काय? मला एवढंच हवं होतं की बशीरनं मरायला जाऊ नये. बाकी सुदानचं काय व्हायचं ते होवो, असंच तेव्हा माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही कॅम्पच्या भिंतीच्या सावलीत बसलो. त्यानं आल्याची कॉफी केली, त्यांच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात करतात ती, आणि मी सरळ विचारलं. म्हटलं, बशीर, एवढा मोठा देश आहे तुमचा, पटत नसेल तर करा ना दोन, त्यांनी पश्चिमेत राहावं, तुम्ही नदीकाठी राहा, एक कशासाठी पाहिजे, त्यासाठी मरायचं कशाला?

तो रागावला नाही. म्हणाला, एकदा करून बघितलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहावाली बसायची, दक्षिणेची, वीस वर्षं बसत होती, माझ्या मुलींना ती फुकट बिस्किट द्यायची. दक्षिणेचा वेगळा देश झाला त्या दिवशी आमच्या गल्लीत लोकांनी मिठाई वाटली, म्हणाले, रोजची कटकट गेली, आता शांती. मीही खाल्ली ती मिठाई, मुनीर. आणि मी चहा प्यायला गेलो तर ती किटल्या गोणीत भरत होती. मला म्हणाली, बशीर, मी इथंच म्हातारी झाले, आता सांग, मी कुठली? माझ्या तोंडात मिठाई होती, मी काय सांगणार? ती गेली. आणि शांती कुठं आली? तिकडे दक्षिणेत ते आपापसात लढायला लागले आणि इकडे आम्ही. भांडण गेलंच नाही, फक्त माणसं गेली.

मग म्हणाला, आता त्या दुसऱ्या फौजेनं पश्चिमेत स्वतःचं सरकार मांडलंय. आज पश्चिम, उद्या पूर्व, परवा नदीच्या वरचे आणि नदीच्या खालचे. रेघ कुठून काढणार? आदमची बहीण माझ्या शहरात दिली आहे, रेघ तिच्या घरातून काढणार का? ज्याच्या हातात बंदूक त्यानं आपलं एक सरकार मांडायचं, आणि बाकीच्यांनी रोज सकाळी उठून विचारायचं की मी आज कुठला. मुनीर, मी जनरलांसाठी जात नाही, जनरल आज आहेत, उद्या नाहीत, त्यांनी आमचं काय केलंय ते मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. पण एका देशात दोन फौजा म्हणजे देशच नाही. आधी देश राहू दे, मग त्याच्याशी भांडता येईल. देशच नसेल तर आदम भांडणार कुणाशी?

मला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त भीती वाटली, कारण पटणाऱ्या गोष्टीसाठीच माणूस जीव देतो. मग मी त्याला आमच्या गावाची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, पत्रकाची, वाडग्याची, देगांची. झाकणांपाशी आलो तेव्हा तो इतका हसला की कॉफी सांडली. डोळे पुसत म्हणाला, म्हणजे दोन मशिदी झाल्या, मग मिटलं का भांडण? म्हटलं, कसलं मिटतंय, आता खालच्या मोहल्ल्यातही दोन तट आहेत. बघ, म्हणाला, हेच मी म्हणतोय. आणि तुझं पत्रक तर बरोबरच होतं, चंद्र एकच आहे की.

मी म्हटलं, बरोबर होतं रे. पण खालच्या मोहल्ल्याला मी विचारलं नव्हतं. मी इथं शराफियात बसून एकी ठरवली आणि त्यांना कागदावर कळवली. आदमला तू कधी विचारलंस?

भांड्यातली उरलेली कॉफी बशीरनं वाळूत ओतली आणि उठून गेला. मला वाटलं, मी अकरा वर्षांची दोस्ती घालवली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी शटडाउन आलं, म्हणजे वर्षातून एकदा पंप बंद करून आतली कामं करतात ते. त्याचा एक नियम सांगायला हवा. पंप बंद केला की त्याच्या स्विचला एक पट्टी लावतात आणि आत काम करणारा प्रत्येक माणूस त्या पट्टीला आपलं स्वतःचं कुलूप लावतो, कुलपावर त्याचं नाव नि फोटो, किल्ली त्याच्याच खिशात. सहा माणसं असतील तर सहा कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत कुणाचा बाप आला तरी पंप चालू होत नाही, कारण एक जरी माणूस आत राहिला असेल तर त्याचा कीमा होईल. बशीरचा तो शेवटचा आठवडा होता, टोळीचा मोठा म्हणून तोच होता. दुपारी काम झालं, पाच कुलपं निघाली, एक राहिलं. आदमचं. आणि आदम जागेवर नाही, फोन उचलत नाही.

पंपाच्या आत बघितलं, रिकामा. तासभर वाट पाहिली. इंजिनिअर भला माणूस, तो म्हणाला, आत कुणी नाही हे आपण पाहिलंय, नियमात फॉर्म आहे, टोळीच्या मोठ्यानं सही करायची की माणूस आत नाही, मग कुलूप कापता येतं, बशीर, सही कर. सगळे बशीरकडे बघत होते. दोन वर्षं ज्याच्याशी तो बोलला नाही त्याचं कुलूप, एक सही आणि खलास. बशीरनं फॉर्म बघितला, पेन बघितलं, आणि म्हणाला, माणूस सापडल्याशिवाय मी त्याचं कुलूप कापू देणार नाही, साहेब, मी त्याला शोधून आणतो. आणि मला म्हणाला, यल्ला, चल.

आदम समुद्राचं पाणी आत येतं त्या कालव्याच्या कठड्याआड सापडला. मांडीवर हेल्मेट, हातात फोन, नुसता पाण्याकडे बघत बसलेला. किल्ली खिशातच होती, कुलूप लावलंय हेच तो विसरला होता. आम्हाला बघून उठला आणि माझ्याशी बोलला, बशीरशी नाही. म्हणाला, मुनीरभाई, आई सापडली.

तुम्हाला सांगायचं राहिलं, आदमची आई त्या पश्चिमेतल्या एका शहरात अडकली होती, त्या दुसऱ्या फौजेनं ते शहर कित्येक महिने वेढून ठेवलं होतं, खायला जनावरांची पेंड. मग शहर पडलं आणि तिची काही खबरच नव्हती. आता निरोप आला होता की ती जिवंत आहे, लोकांबरोबर वाळवंट ओलांडून पार उत्तरेला नदीकाठच्या एका गावाबाहेर पोचली आहे, तिथं तंबू पडलेत, तिच्याजवळ चादरसुद्धा नाही. आदमनं गावाचं नाव सांगितलं आणि बशीरनं एकदम मान वर केली. त्या गावात बशीरची बहीण दिली होती, सुआद. आदमला ते माहीत होतं. काम संपता संपता निरोप आला तेव्हापासून तो तिथं बसून हाच विचार करत होता की बशीरला विचारायचं की नाही. दोन वर्षं बोललो नाही, आता आईसाठी कोणत्या तोंडानं बोलू?

बशीरनं तिथल्या तिथं फोन लावला, स्पीकरवर, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं म्हणून. सुआद आधी रडली, मग म्हणाली की तंबूंकडे गावातलं कुणी फारसं जात नाही, पश्चिमेचे लोक आहेत, त्यांच्यात त्या दुसऱ्यांचे हेर असतील असं लोक म्हणतात, शेजारी काय म्हणतील. आदम ऐकत होता. मी खाली वाळूत बघत होतो. बशीरचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता.

तो म्हणाला, ‘सुआद, मग भाऊ लढतोय कोणत्या देशासाठी? त्या म्हातारीला घरात घ्यायचं नसेल तर फोन करून त्याला सांग, घरी ये, आपल्याला एक देश नकोय.’

मग सुआदनं विचारलं, नाव काय म्हातारीचं, आणि कोण आहे म्हणून सांगू? बशीर म्हणाला, हलीमा नाव आहे, माझ्या भावाची आई आहे.

आदमनं तोंड फिरवलं. मग आम्ही तिघं परत गेलो, आदमनं खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं, पंप चालू झाला आणि इंजिनिअरनं आम्हाला उशिराबद्दल चार शब्द सुनावले, ते काही फार मनावर घेतले नाहीत आम्ही. संध्याकाळच्या आत सुआदचा फोटो आला, हलीमाबाई तिच्या पडवीत खाटेवर बसलेली, पांघरलेली चादर गुलाबाच्या फुलांची, आणि चेहरा असा की हे कोण लोक आहेत आणि माझा फोटो का काढतायत.

दुसऱ्या दिवशी बशीर आपली थाळी उचलून वीस पावलं चालत आदमकडे गेला. लगेच गळ्यात पडले, असं काही समजू नका. बशीरनं विचारलं, सांग, तुला काय हवंय? दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. आणि आदम बोलायला लागला तर थांबेना, मला वाटलं उसळ थंड होईल. म्हणाला, मला तुमच्या जनरलांच्या मागे उभं करू नका, मी उभा राहणार नाही. पण मला वेगळा देशही नको, वेगळ्या देशाच्या नावानंच माझ्या आईचं शहर उपाशी मारलं. मला याच देशात शाळा हवी, रस्ता हवा, गाव जाळणाऱ्याला शिक्षा हवी आणि तुमच्या शहरात घर भाड्यानं मागितलं तर माझ्या रंगाकडे न बघता मिळायला हवं. बशीर म्हणाला, त्यासाठी आधी लढाई जिंकावी लागेल. आदम म्हणाला, जिंकल्यावर विसरलात तर पुढची लढाई मी सुरू करीन. बशीर म्हणाला, कर, मी तुझ्या बाजूनं येईन, गुडघे असले तर.

मी त्याच रात्री, नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, गावाला तेव्हा माणसं मोकळी असतात, झैबूनला फोन केला. कागद लिहिला नाही. म्हटलं, बाई, तुमच्याकडे ईदचं काय ठरतं आणि कोण ठरवतं ते मला सांग, मी ऐकतो. ती म्हणाली, पंधरा वर्षांनी विचारतोयस? पण सांगितलं तिनं, अर्धा तास. या वर्षी आमच्या घरानं तिच्याबरोबर ईद केली. वरच्या मोहल्ल्यातले काही लोक माझ्यावर चिडलेत, त्यांनाही फोन करतोय, एकेकाला. हळूहळू होतं.

आणि बशीर गेला. मी अडवू शकलो नाही, अडवायला नको होतं हेही मला आता कळतं. पण तो फौजेच्या छावणीत गेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला की सुआदच्या गावी नदीवरचा पंप बंद पडलाय, गावाला पाणी नाही आणि तंबूंना तर नाहीच, आणि पंप दुरुस्त करणारे सगळे एकतर मेले किंवा परदेशी गेले. म्हणाला, बंदूक धरणारे मिळतील, मुनीर, माझा भाऊ आहे तिथं आणि तो लढतोय ते मी बरोबरच मानतो, पण त्यानं राखलेला देश पाण्यावाचून एक राहणार नाही. मी त्याला विचारलं, मरणार नाहीस ना? तो म्हणाला, या झोल, मरेन की, पण पंप चालू करून.

पंप चालू व्हायला तीन महिने लागले. सुटे भाग मिळत नव्हते, आदम इथून वेल्डिंगचं सांगायचा, व्हिडिओवर, असं धर, तसं धर, आणि बशीर तिकडून त्याला शिव्या द्यायचा की वेल्डर मी आहे की तू. नदीचं पाणी टाकीत आलं आणि टाकीतून गावात एक नळ आणि तंबूंच्या कडेला एक नळ निघाला. गावचा नळ दुसऱ्या आठवड्यात फुटला, म्हणून आता सगळे तंबूंकडच्या नळावर येतात.

लढाई संपलेली नाही. ओमदुरमानात दिलेली आदमची बहीण कुठं आहे ते अजून कळलेलं नाही. बशीरच्या मुली जेद्दातच आहेत, थोरली मला फोन करून विचारते की अंकल, बाबा खरंच पंपावरच असतात ना. हे मी लपवत नाही तुमच्यापासून. पण मागच्या शुक्रवारी आम्ही बशीरला व्हिडिओवर फोन लावला, मी आणि आदम, इथंच या भिंतीशी बसून, तर तिकडे हा आरडाओरडा. नळावर गावच्या बायका आणि तंबूतल्या बायका घागरी घेऊन भांडत होत्या, पहिला नंबर कुणाचा यावरून, आणि सगळ्यात मोठा आवाज हलीमाबाईचा, तिनं सुआदची घागर पुढे लावली होती आणि गावच्याच एका बाईला सांगत होती की ही माझी मुलगी आहे, हिच्या आधी कुणी भरायचं नाही. मध्ये बशीर उभा, पागोटं सुटलेलं, दोन्हीकडच्यांना विनवतोय, दोन्हीकडच्यांच्या शिव्या खातोय. आदम इतका हसला, दोन वर्षांत मी त्याला असा हसताना बघितलं नव्हतं. फोन तोंडाजवळ धरून म्हणाला, उस्ताद, तुम्हालाच एक देश पाहिजे होता, आता सांभाळा.

भांडू देत. सकाळ-संध्याकाळ भांडू देत, एकमेकींच्या सात पिढ्या काढू देत. फक्त अल्लानं त्यांना त्याच एका नळावर ठेवावं आणि नळाला पाणी ठेवावं, माझं मागणं आता एवढंच आहे.